रिकर्शन लिहिताना या चुका टाळा

"फंक्शन स्वतःलाच कॉल करतं, ते रिकर्शन." मुलाखतीला आलेलं जवळजवळ प्रत्येक पोर एवढं म्हणतं आणि जिंकल्यासारखं बघतं. (फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, कॉल करणं म्हणजे तो चालवायला सांगणं.) ही अर्धी व्याख्या झाली. उरलेल्या अर्ध्यापायी माझे शनिवार-रविवार गेलेत.

शब्द लॅटिन 'रेकुर्रेरे'वरून आला, म्हणजे मागे धावत जाणं. मागे धावायचं तर कुठेतरी पोचायला हवं ना? ५ चा क्रमगुणित म्हणजे ५ गुणिले ४ चा क्रमगुणित, ४ चा म्हणजे ४ गुणिले ३ चा, असं करत शेवटी शून्याचा क्रमगुणित १. ते शेवटचं वाक्य काढलंत तर आधीची सगळी हवेत लटकतात. जर्मन गणितज्ञ डेडेकिंडने १८८८ सालीच सिद्ध केलं होतं, की पाया (जिथे थांबायचं ते) आणि पायरी (एकावरून दुसरं कसं काढायचं ते) दिली की त्यातून एकच एक फंक्शन ठरतं. तेव्हा संगणक कुठे होते!

तर पहिली चूक, पाया 'नंतर बघू' म्हणणं. एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांचं टेबल होतं, प्रत्येकापुढे त्याच्या साहेबाचा क्रमांक. कोणाच्या वर किती साहेब आहेत, ते काढायचं होतं. आमच्या टीममधल्या नव्या मुलाने लिहिलं: साहेबाचा रकाना रिकामा असेल तर थांब, नाहीतर साहेबाकडे जा. स्वतः बनवलेल्या पाच नोंदींवर झकास चाललं. खऱ्या डेटावर 'रिकर्शन एरर'. आम्ही वापरत होतो ती प्रोग्रामिंगची भाषा, पायथन, एकात एक असे साधारण १००० कॉल झाले की थांबवते. हजार पायऱ्यांची साहेबशाही सरकारी खात्यातही नसते, एवढा विचार करायला हवा होता. त्याने नेटवरून एक ओळ उचलली, मर्यादा १० लाख केली आणि रात्री सर्व्हरवर सोडून घरी गेला.

पायथन ३.८ होतं. स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेले कॉल लक्षात ठेवायची जागा, संपला, चालू प्रोग्रॅम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून मेला, आणि कुठे अडलं ते सांगणारा ट्रेसबॅकही गेला. सकाळी मी मर्यादा पुन्हा १००० केली आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत कर्मचारी क्रमांक छापायला लावला. स्क्रीनवर १, १, १, १... एमडींच्या साहेबाच्या रकान्यात एमडींचाच क्रमांक! फॉर्ममध्ये रकाना सक्तीचा होता. भरणारा बिचारा काय करणार?

ती मर्यादा वाढवायची ओळ मला कोडमध्ये दिसली की मी पुढचं वाचतच नाही, आधी बोलावून घेतो. माझी सवय अशी: पाया आधी, तोही कागदावर. मग प्रत्येक कॉलपाशी विचारायचं, हा आधीच्यापेक्षा पायाच्या जवळ आहे का? आणि डेटा माणसांनी भरलेला असेल तर येऊन गेलेले क्रमांक एका सेटमध्ये, म्हणजे एका यादीसारख्या संचात, ठेवायचे. तोच परत आला की थांबायचं.

'शून्य असेल तर थांब' लिहिणाऱ्याला मी उणे १ देऊन बघतो. एकेक कमी करत गेलं तर तिथून शून्य कधी येतच नाही.

आतल्या कॉलच्या आधी रिटर्न (उत्तर परत दे, हा शब्द) विसरलात की हातात 'नन', म्हणजे काहीच नाही, येतं. यावर आणखी काय बोलणार.

दुसरी माझी आवडती चूक फिबोनाचीची. या मालेत प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज. ही व्याख्या जशीच्या तशी कोडमध्ये उतरवायची आणि ४० वी संख्या मागायची. त्याला ३३ कोटींहून जास्त कॉल लागतात, कारण तीच संख्या पुन्हा पुन्हा मुळापासून काढली जाते. मग पोरं म्हणतात, पायथन स्लो आहे! हीच संख्यामाला जैन आचार्य हेमचंद्राने १२ व्या शतकात वृत्तं मोजताना सांगितली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ६ मात्रांच्या रचना किती? शेवटी लघू असेल तर आधी ५ मात्रा, त्यांच्या ८ रचना. शेवटी गुरू असेल तर आधी ४ मात्रा, त्यांच्या ५. एकूण १३. कागदावर करणारा माणूस ८ आणि ५ समोर लिहून ठेवतो, दर वेळी एकपासून मोजत बसत नाही. तुम्हीही शेवटचे दोन आकडे धरून साधा लूप लिहा, म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा करणारा कोड. ३९ बेरजांत उत्तर येतं: १०,२३,३४,१५५.