रॅट स्नेकचं पिल्लू पाळताय? या चुका टाळा

पेन्सिलीएवढं जाड, जेमतेम फूटभर लांब पिल्लू. झाकण उघडलं की मान नागमोडी आखडून घेतं, शेपटी थरथरवतं आणि बोटावर झेप टाकतं. पाळणारा नवखा असेल तर तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळा होतो: आपल्या वाट्याला रागीट साप आला. पहिली चूक हीच, आणि पुढच्या निम्म्या चुका तिच्यातूनच निघतात.

आधी एक खुलासा. रॅट स्नेक म्हटलं की मराठी माणसाला धामण आठवते. धामण वेगळ्या गटातली, प्टायस. इथे विषय आहे उत्तर अमेरिकेतल्या पँथेरोफिस गटाचा: ब्लॅक, यलो, टेक्सस, बेअर्ड्स हे रॅट स्नेक आणि त्यांचाच भाऊबंद कॉर्न स्नेक. सगळे बिनविषारी. रानातून पिल्लू उचलून आणू नका, पाळलेल्या जोडीच्या अंड्यांतून निघालेलंच घ्या. आणि आपण राहतो तिथे ते पाळायला कायद्याने परवानगी आहे ना, हे पेटी विकत घेण्याआधी बघा, नंतर नव्हे.

भीतीला राग समजणं

इतक्या लहान जिवाला पक्षी खातात, रॅकून खातात, दुसरे सापही खातात. त्याच्यावर येणारं संकट बहुतेक वेळा वरून येतं, आणि आपला हातही वरूनच येतो. मग ते त्याच्याजवळ आहे ते सगळं वापरतं: झेप, गुदद्वाराजवळच्या ग्रंथींतून सोडलेला घाणेरडा वास, आणि शेपटीची थरथर. कोरड्या पानांवर किंवा कागदावर ती शेपटी अशी वाजते की रॅटलस्नेकचा, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणाऱ्या विषारी सापाचा, भास व्हावा. कधी अंग जागोजागी मुडपून ते काठीसारखं निपचित पडतं. तेव्हा ते आजारी नसतं, 'मी इथे नाहीच' असं सांगत असतं.

जातीजातीत फरक आहे, तो आधीच समजून घ्यावा. टेक्सस रॅट स्नेक तापट म्हणून प्रसिद्ध आहे. बेअर्ड्स आणि कॉर्न स्नेक बहुधा शांत निघतात. पण एकाच खेपेच्या अंड्यांतून निघालेल्या दोन पिल्लांचा स्वभावही सारखा नसतो, म्हणून जातीच्या नावावरून पैज लावू नका.

यावर दोन टोकाच्या चुका होतात. एक, चावतं म्हणून महिनोन्‌महिने हातच लावायचा नाही. दुसरी, सवय व्हावी म्हणून घरी आणल्या दिवसापासून रोज तासभर हातात खेळवायचं. दुसरी जास्त घातक, कारण घाबरलेलं पिल्लू खाणं सोडतं. पहिला आठवडा त्याच्या वाटेलाच जाऊ नका. तीनचार वेळा नीट खाऊन झालं की आठवड्यातून दोनतीनदा, पाच ते दहा मिनिटं. हात बाजूने आणि खालून न्या, मूठ आवळू नका, एका हातावरून दुसऱ्यावर त्याला चालू द्या. झेप आली की झटकन हात मागे घेतला तर हात दूर ठेवायचा उपाय त्याला सापडतो. पातळ हातमोजा घाला, पण हात स्थिर ठेवा. एवढ्याशा दातांनी ओरखड्यापलीकडे फारसं काही होत नाही.

आणि हो, ते माया करू लागेल ही अपेक्षा सोडा. ते सरावतं. मला स्वतःला तेवढं पुरेसं वाटतं.

खाण्याची घाई

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात काही दिवस पुरेल एवढा बलक असतो. पहिली कात साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते. त्याआधी खाऊ घालण्याचा हट्ट व्यर्थ. त्यानंतर दर पाच-सात दिवसांनी नुकतंच जन्मलेलं, केस न आलेलं उंदराचं एक पिल्लू, ज्याला 'पिंकी' म्हणतात. भक्ष्य सापाच्या सर्वांत जाड भागाएवढं किंवा किंचित मोठं असावं, त्याहून जास्त नाही. गोठवलेली पिंकी रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्हमध्ये ती बाहेरून शिजते आणि आतून थंड राहते.

खात नाही? एक पिंकी नाकारली म्हणजे संकट कोसळलं नाही. त्याला पिंकीसह छोट्या, हवेशीर डब्यात अंधारात रात्रभर ठेवून बघा. रानात या पिल्लांना सरडे आणि बेडूकही चालतात, म्हणून पिंकीला सरड्याचा वास लावला की अडून बसलेली काही पिल्लं खायला लागतात. दर आठवड्याला ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन टिकून असेल तर धीर धरा, घसरत असेल तर डॉक्टर गाठा. तोंड उघडून बळजबरीने भरवणं नवख्याचं काम नाही.

ओकलं तर मात्र लगेच पुन्हा खायला देऊ नका. इथे बरेच जण पिल्लू गमावतात. दहा ते चौदा दिवस नुसतं पाणी, आणि पुढचं भक्ष्य आधीपेक्षा लहान. कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: भक्ष्य मोठं होतं, पेटी थंड होती, किंवा खाल्ल्यावर ४८ तासांच्या आत कुणीतरी कौतुकाने उचललं होतं.

पेटी

एका टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २२ ते २४. हीट मॅट (पेटीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ताब्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, लावूच नका, पोट भाजतं. दोन्ही टोकांना लपायला जागा हवी. एकच दिली तर पिल्लाला ऊब की आडोसा यातून एक निवडावं लागतं. खाली साधा टिशू पेपर उत्तम, देवदाराचा भुसा नको. मोठी रिकामी पेटी त्याला बिथरवते, तीच पानाफांद्यांनी भरली की चालते. चढायला फांदी द्याच, यांच्या पोटाच्या खवल्यांच्या कडा झाडाच्या सालीत रुतण्यासाठीच तशा घडलेल्या असतात.

जिथून डोकं जातं तिथून अख्खं पिल्लू जातं. झाकणाला कुलूपपट्टी लावा, वायर आत येते ते छिद्र बुजवा. आणि दोन पिल्लं एकत्र नकोत: सोबतीची त्यांना गरज नसते, आणि कधीकधी एक दुसऱ्याला गिळतं.

डोळे दुधाळ निळसर झाले की कात टाकायची वेळ आली. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे शांत पिल्लूही झेपावतं. हात लावू नका, ओलसर शेवाळ घातलेला डबा ठेवा. डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाला जुनी कात अडकली तर नखाने ओरबाडू नका. ओल वाढवा, दोन वेळा तसंच झालं तर डॉक्टरांकडे न्या. तोंड उघडून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा घरघर दिसली तर मात्र त्याच दिवशी.