फिजिक्स मुलांच्या हातात द्यायचंय? मग या चुका टाळा

नववी-दहावीच्या मुलांना फिजिक्स नकोसं झालं की आपण म्हणतो चला ॲक्टिव्हिटी घेऊ, आणि गडबड तिथूनच सुरू होते. सहा-सहाचे गट पाडून साहित्य वाटलं म्हणजे विद्यार्थी-केंद्रित झालं असं नसतं हो. एकजण वायरी जोडतो, एकजण लिहितो, बाकीचे गप्पा मारतात, आणि बऱ्याचदा वायरी मुलाच्या हातात नि अक्षर चांगलं म्हणून वही मुलीकडे. तिघांचेच गट करा आणि दर प्रयोगाला कामं बदला.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलांचा अंदाज न विचारताच प्रयोग दाखवून मोकळं होणं. दहावीचा भिंगांचा धडा घ्या. बहिर्वक्र भिंगाने कोऱ्या कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा पाडली, मुलं खूश, आकृती काढली, चला पुढे. त्याऐवजी तिथेच थांबून विचारा, भिंगाचा वरचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर काय दिसेल? उत्तर आधी वहीत लिहायला लावा, शेजाऱ्याशी वाद घालू द्या, मग हात वर करून मतं घ्या. अर्धीच खिडकी दिसेल म्हणणारे भरपूर निघतात. आता झाका. खिडकी अख्खीच दिसते, फक्त अंधुक होते, कारण खिडकीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश अख्ख्या भिंगावर पडत असतो आणि उघडा राहिलेला भाग त्यातला आपल्या वाट्याचा प्रकाश त्याच जागी गोळा करतो. "असं कसं सर?" हा आवाज आला ना की लगेच उत्तर सांगू नका, प्लीज, थोडी कळ काढा, त्यांनाच किरण काढून बघू द्या. आपला अंदाज का चुकला हे स्वतः शोधलेल्या मुलाला तो विषय परका वाटत नाही. आणि चुकीच्या अंदाजाला कोणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळे हुशार मुलाकडे बघूनच हात वर करतील.

दुसरा प्रॉब्लेम, मुलंच म्हणतात सर तुम्हीच शिकवा, असं काही कळत नाही. इथे बरेच शिक्षक माघार घेतात. हार्वर्डमधल्या फिजिक्सच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात स्वतः सोडवत शिकलेली मुलं चाचणीत पुढे होती पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटत होतं, छान लेक्चर ऐकणाऱ्यांना उलट. ती कॉलेजची मुलं, पण आपल्या वर्गातही डोक्याला ताण पडला की तसंच वाटू शकतं, म्हणून हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

पोर्शनचं टेन्शन खरंच आहे. रोज नका करू, धड्याला असा एकच प्रश्न घ्या. मात्र घटक चाचणीत परत नुसती सूत्रं नि व्याख्या विचारल्या तर मुलं बरोबर ओळखतात की मार्क कशाला आहेत, म्हणून एक तरी "का?" चा प्रश्न टाका आणि उत्तर चुकलं तरी कारण नीट मांडलं असेल तर त्याचे मार्क द्या.