दुकानाचा विमा: या चुका टाळा

गोव्यात चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली की फोंडा, डिचोली, म्हापशातल्या दुकानांत माल छताला टेकतो. विमा मात्र कधीतरी आषाढात, दुकान अर्धं रिकामं असताना ठरवलेल्या रकमेचाच राहतो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच.

हिशेब बघा. दुकानात 20 लाखांचा माल, विमा 10 लाखांचा, पाणी शिरून नुकसान 4 लाखांचं. नुकसान 10 लाखांच्या आत आहे, म्हणजे पुरते 4 लाख मिळतील असं वाटतं. हाती येतात 2 लाख, कारण विमा निम्म्या मालाचाच होता. 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही आगीची पॉलिसी मिळते. एका जागेची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी. तिच्यात विम्याच्या रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ आहे, त्याहून जास्त नाही. म्हणून चवथीच्या आधीचा भरलेला माल मोजा आणि तीच रक्कम लिहा. चार पैसे प्रीमियम जास्त गेला तरी चालेल.

“बँकेनं काढलाय ना विमा!” हेही नेहमी ऐकू येतं. बँक आपल्या कर्जापुरतं बघते आणि भरपाईवर पहिला हक्क तिचा असतो. पॉलिसीची प्रत मागून घ्या, पत्ता वाचा. घरामागच्या खोलीत ठेवलेल्या मालाचा पत्ता त्यात नसेल, तर तो माल विम्याबाहेर राहतो.

आगीच्या पॉलिसीत वादळ आणि पूर येतात, पण रात्री शटर तोडून झालेली चोरी येत नाही. तिला घरफोडीचा वेगळा विमा लागतो. वीज वरखाली होऊन फ्रीझर जळला तर तो फ्रीझरही आगीच्या पॉलिसीत बसत नाही. मात्र तिथून आग पसरून शेजारचा माल जळला, तर त्या मालाची भरपाई मिळते. मासळी, आइस्क्रीम विकणाऱ्यांनी यंत्रबिघाडाचा आणि फ्रीझरमधल्या नाशवंत मालाचा विमा मुद्दाम विचारावा.

किनारपट्टीवर खाजगी नंबरची स्कूटर पर्यटकाला भाड्यानं देणारे कमी नाहीत. कृपा करून हे करू नका. भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं आणि त्या कामाचाच विमा हवा. नाहीतर अपघातानंतर गाडीचा दावा नाकारला जातो, आणि धडक बसलेल्याची भरपाईही मालकाच्या गळ्यात पडू शकते. गेस्ट हाऊस असेल तर पाहुण्याला इजा झाल्यास लागणारा सार्वजनिक दायित्व विमाही घ्या.

कामगारांचं थोडक्यात: दहा किंवा जास्त माणसं असतील तर दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं. इतर कामगारांच्या अपघाताची जबाबदारी कायद्यानं मालकावर येते, तिचाही विमा मिळतो.

पाणी ओसरल्यावर दुकान धुवायची घाई होते, आणि भिजलेली पोती कचऱ्याच्या गाडीत जातात. थांबा. आधी कंपनीला कळवा, भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक पोत्याचा फोटो काढा, नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत माल बाजूला रचून ठेवा. खरेदीची बिलं आणि स्टॉकची वही घरी किंवा मोबाईलवर असू द्या. दुकानातली वही मालाबरोबरच भिजते.

दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. एकट्या मालकाचा किंवा सूक्ष्म उद्योग असेल तर 50 लाखांपर्यंतची तक्रार तिथे चालते. फी नाही, वकीलही लागत नाही.