सिगिरिया आणि हत्तींची सफारी एकाच दिवशी करताय? या चुका टाळा

श्रीलंकेला निघालेल्या आपल्याकडच्या प्रत्येकाचा प्लॅन एकच, सकाळी सिगिरियाचा कातळावरचा किल्ला चढायचा अन् दुपारी मिन्नेरियाच्या नॅशनल पार्कात हत्ती बघायचे. प्लॅन चांगलाय, दोन्ही ठिकाणं जवळ आहेत, पण दिवस बिघडतो तो सकाळीच.

उशिरा निघू नका. आम्ही संभाजीनगरहून अकरा जण गेलो होतो, सगळे म्हणाले आपण देवगिरी चढणारी माणसं, बाराशे पायऱ्यांचं काय एवढं. नाष्टा, चहा, परत चहा करत पायथ्याला पोचायला साडेदहा वाजले. देवगिरीला अंधारीत, म्हणजे त्या अंधाऱ्या भुयारात, तरी गारवा मिळतो, इथं वाटेतल्या सिंहाच्या भल्यामोठ्या घडीव पंजांपासून वरचे लोखंडी जिने भर उन्हात, अन् पुढचा थांबला की मागची सगळी रांग थांबते. मावशीला तिथंच चक्कर आली, तिला सावलीत आणून ओआरएस पाजण्यात तास गेला, खाली उतरलो तर अडीच वाजलेले, तिकडं जीपवाल्याचे फोनवर फोन. पार्कात शिरलो साडेचारला. तळ्याकाठी पिल्लांसकट मोठा कळप चरत होता अन् मावशी थकून जीपमध्ये झोपलेली, आम्ही उठवलं तरी तिला डोळे उघडवेनात. ती हत्तींसाठीच आली होती, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

आता मी सिगिरियाचं गेट उघडायच्या आधी तिथं उभा असतो, नऊ-साडेनऊला खाली, जेवण, मग दोन तास आडवं व्हायचं. ज्याला झोप मोडायची नाही त्यानं चढूच नये, हे आदल्या रात्रीच सांगतो.

पासपोर्ट हॉटेलवर ठेवू नका, सार्क देशांच्या लोकांना, म्हणजे आपल्यालाही, सिगिरियाचं तिकीट स्वस्त पडतं, पण पासपोर्ट दाखवावा लागतो.

वर आरडाओरडा नको. कड्याला आग्यामोहोळ असतात, शांत राहायच्या पाट्या त्यासाठीच आहेत.

भित्तिचित्रांपाशी फोटो काढू देत नाहीत म्हणून लोक दोन मिनिटांत पुढं पळतात, असं करू नका हो. ही किल्ला बांधणाऱ्या कश्यप राजाच्या काळातली, म्हणजे इ.स. 477 ते 495, आपल्या अजिंठ्याची बरीच चित्रं याच शतकातली. अजिंठा पाहिलेल्या माणसानं तरी तिथं थांबावं.

हत्ती बाराही महिने मिन्नेरियातच दिसतील असं धरू नका. पार्कातलं मिन्नेरिया हे महासेन राजानं तिसऱ्या शतकात बांधलेलं तळं, जायकवाडीचं पाणी उतरलं की कशी गाळपेर जमीन उघडी पडते, तसं तिथं उन्हाळ्यात होतं, कोवळं गवत येतं अन् आसपासच्या जंगलातले हत्ती गोळा होतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात चांगला. पावसानं तळं भरलं की हत्ती शेजारच्या कौडुल्ला नाहीतर हुरुलूच्या जंगलाकडं जातात. म्हणून त्या दिवशी सकाळी जीपवाल्यालाच विचारा, तो म्हणेल तिकडं जा.

दस्ती (रुमाल) सोबत ठेवा, धूळ लय असते.

अन् जास्तीचे पैसे देऊन जीप कळपात घालायला लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पिल्लांची वाट अडते, कळप गवत सोडून झाडीत शिरतो, मागून येणाऱ्यांना काहीच दिसत नाही. मी लांबच थांबवून इंजिन बंद करायला लावतो अन् वीस मिनिटं कुणाला बोलू देत नाही, तेवढ्यात बऱ्याचदा हत्ती चरत चरत आपणच जवळ येतात.