जुना बास घेताना आधी लाकूड बघा

जुना इलेक्ट्रिक बास (खर्जाची गिटार) समोर आला की लोक आधी हेडस्टॉकवरचं, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरचं, नाव वाचतात, मग पिकअप (तारांचं कंपन टिपणारे चुंबक) बघतात. मी स्क्रूड्रायव्हर मागतो. विकणारा तेवढ्यावरच कुरकुरला, तर मी पुढचं बोलतच नाही.

तारा सैल करा. पिकगार्डचे (पुढच्या संरक्षक पट्टीचे) स्क्रू हातानेच काढा. मशीन लावलं की जुन्या लाकडातले आटे जातात. नेक (लांब दांडा) स्क्रूने बसवलेला असेल तर तोही उतरवा. आता नेकच्या खाचेत आणि पिकअपच्या पोकळीत टॉर्च मारून रंग न लागलेला कोपरा शोधा. ॲशचं लाकूड असेल तर रेषा ठळक दिसतात आणि नख फिरवलं की रंध्रं खरखरतात. ऑल्डरचं लाकूड फिकट तांबूस, रेषा पुसट, हाताला गुळगुळीत.

फेंडर कंपनीचा १९५१ चा प्रिसिजन बास ॲशचा होता, अगदी सपाट फळी. पोटाशी आणि हाताखाली उतार आला १९५४ मध्ये. १९५६ च्या सुमारास बहुतेक बॉड्या ऑल्डरच्या व्हायला लागल्या, पण ब्लॉन्ड (फिकट पिवळसर) रंगासाठी ॲशच राहिलं, कारण त्या पातळ रंगातून रेषा दिसायला हव्यात. त्यामुळे १९५८ चा म्हणून दाखवलेला ब्लॉन्ड बास आतून ऑल्डरचा निघाला, तर रंग मागाहून मारला असावा असं धरून चाला आणि भाव पाडा.

एकसंध फळीचा हट्ट नको. दोन-तीन तुकडे चिकटवणं हीच तेव्हाची पद्धत. खालची कड तिरप्या उजेडात धरली की सांधा दिसतो, आणि दिसला म्हणून बिघडत नाही. सांध्यावर रंग तडकून नख अडकत असेल, तर मात्र चिकटवण सुटतेय.

वजन हातात घेऊन कळत नाही. पट्टा लावा, उभे राहा, डावा हात सोडा. सत्तरच्या दशकातले ॲशचे काही बास पाच किलोच्या घरात जातात. तासाभराच्या कार्यक्रमानंतर खांदा त्याचा हिशेब मागतो.

गिब्सनचे जुने बास मुख्यतः महोगनीचे. तिथे बॉडीपेक्षा नटच्या (हेडस्टॉकजवळच्या, तारा टेकवणाऱ्या खाचपट्टीच्या) मागची जागा तपासा: नेक बारीक, हेडस्टॉक मागे कललेला, आपटला की तिथेच तुटतो. मागून रंगाची छटा किंचित बदललेली दिसली तर दुरुस्ती झाली आहे असं समजा. १९६३ च्या थंडरबर्डमध्ये नेक बॉडीच्या आरपार जातो, त्यामुळे तो उतरवून बघायची सोयच नाही.

आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर लोक रात्र जागवतात. माझ्या मते पिकअपची जागा आणि तारा यांचा जास्त. ‘G’ तारेवर (सर्वांत बारीक तारेवर) पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांदरम्यान) एखादा सूर लवकर मरत असेल, तर त्यासाठी बॉडी बदलू नका. तो बहुतेकदा नेकच्या कंपनाचा खेळ असतो.