टायफूनआधी आवरून ठेवायची कामं

फिलिपिन्सवर टायफून, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, येण्याआधी आपल्या या दर्यावर्दींच्या ग्रुपने आवरायच्या कामांची ही यादी. पहिलं काम अगदी साधं आहे. मोबाइलमध्ये मनिलाचं घड्याळ लावून ठेवा. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. ८ नोव्हेंबर २०१३ ला पहाटे चार चाळीसला हैयान टायफून फिलिपिन्सच्या पूर्व सामार प्रांतातल्या गिवान गावावर चढला, तेव्हा इथे रात्रीचे दोन दहा झाले होते आणि आम्ही सगळे गाढ झोपेत होतो. उठून चहा होईपर्यंत शेजारच्या लेयते बेटावरच्या ताक्लोबान शहराचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तेव्हा वॉच, म्हणजे जागायच्या पाळ्या, वाटून घ्या, बोटीवर वाटतो तसेच. न्यू जर्सीत त्या वेळी आदल्या दिवशीचे दुपारचे तीन चाळीस झाले होते, म्हणजे आपली अमेरिकेतली मंडळी फक्त गणपतीच्या फोटोंना हात जोडण्यापुरती नाहीत. रात्रीचा वॉच त्यांचा.

हे सगळं आत्ताच का, असं नवीन लोक विचारतील. फिलिपिन्सच्या हद्दीत वर्षाला वीसेक वादळं शिरतात, त्यातली आठ-नऊ जमिनीवर येतात. आणि आपल्यातले निम्मे ज्या बोटींवर काम करतात, तिथल्या मेसमध्ये फिलिपिनो माणसं आपल्यापेक्षा जास्त असतात. कुणाच्या तरी इंजिनरूममधल्या ऑइलरच्या, कुणाच्या तरी कुकच्या घरावरचे पत्रे यंदाही उडणार आहेत. वादळ आल्यावर "काय पाठवू?" असे दोनशे मेसेज पडतात आणि कामाचा एकच मेसेज त्याखाली गाडला जातो, हे आपण एकदा पाहिलंय.

वादळाला नावं दोन असतात, ती दोन्ही लिहून घ्यायची. आंतरराष्ट्रीय यादीतलं हैयान तिथल्या माणसाला योलांडा म्हणूनच माहीत. फिलिपिन्सच्या हद्दीत शिरलं की तिथलं हवामान खातं आपलं नाव देतं आणि रेडिओवर, बारांगायच्या, म्हणजे तिथल्या वाडी-वॉर्डाच्या, फलकावर तेच चालतं. एकाच नावाने शोधलंत तर निम्म्या बातम्या दिसणारच नाहीत.

आता माणसांची यादी. ज्याच्या बोटीवर फिलिपिनो सहकारी आहेत त्याने त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तरच, घरचा पत्ता आणि दोन फोन नंबर घ्यायचे. एक नंबर घरचा आणि दुसरा बेटाबाहेरच्या नातेवाइकाचा, कारण मोबाइलचा मनोरा पडला की घरचा नंबर महिनाभर लागत नाही. पत्ता बारांगाय, नगरपालिका, प्रांत असा तीन टप्प्यांत हवा. नुसतं "सान होसे" लिहू नका. ताक्लोबानच्या विमानतळाकडची सान होसेची वस्ती पाण्याने धुऊन नेली, पण सान होसे नावाची गावं त्या देशात आपल्याकडच्या वडगाव-पिंपळगावांइतकी आहेत. आणखी एक गंमत नावाची. आपलं मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं, त्यांचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. बेपत्तांच्या याद्यांत भाऊ-भाऊ जुळवायचे तर हे मधलं नावच उपयोगी पडतं, म्हणून त्यासाठी वेगळा रकाना ठेवा. त्याशेजारी टोपणनावाचा रकानाही असू द्या, कारण "जून-जून" किंवा "बॉय" म्हणून गावभर ओळखला जाणारा माणूस खऱ्या नावाने शेजाऱ्यालाही सांगता येत नाही.

वादळ चढायच्या आधीचं आपलं एकच काम, पण यादीतलं सगळ्यात मोलाचं तेच. हैयानच्या वेळी इशारा वेळेवर दिला गेला होता. पण त्यात "स्टॉर्म सर्ज", म्हणजे वादळाने किनाऱ्यावर ढकललेलं समुद्राचं पाणी, असा शब्द होता. तो कित्येकांना कळलाच नाही. त्सुनामी म्हणाले असते तर पळालो असतो, असं वाचलेले लोक नंतर सांगत होते. वाऱ्यासाठी त्यांनी घरं दोरांनी बांधली, खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आणि आलं ते पाणी, पाच-सहा मीटर, म्हणजे दुमजली घराच्या वरच्या खिडकीपर्यंत. सहा हजार तीनशे माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे, त्यातली बहुतेक त्या पाण्याने. आपल्या कोकणात कुणालाही "उधाण घरात येणार" म्हटलं की अर्थ सांगावा लागत नाही. तसं वाक्य त्यांच्या भाषेत हवं. सामारात आणि पूर्व लेयतेत वाराय बोलतात, पश्चिम लेयतेत सेबुआनो, आणि तागालोग सगळ्यांना कळते. तेव्हा बोटीवरच्याच माणसाकडून तिन्ही भाषांत चार ओळींचा मेसेज आत्ताच लिहून घ्या: समुद्र घरात शिरेल, डोंगराकडे जा, म्हाताऱ्यांना आज दुपारीच हलवा. आणि उलट प्रश्नही विचारा की तुमचा निवारा उंचावर आहे ना? त्या वेळी निवारा म्हणून ठरवलेल्या काही इमारतींतही पाणी भरलं होतं.

पैशांचं सविस्तर सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. कुणाच्याही खासगी खात्यात वर्गणी गोळा करायची नाही, भले तो आपला कितीही जुना दोस्त असो. दोन मार्ग ठेवू. ज्याला संस्थेला द्यायचं आहे त्याने स्वतःच फिलिपिन्स रेड क्रॉससारख्या संस्थेला थेट द्यावं आणि पावतीचा फोटो टाकावा, एवढंच. इथून पाठवायचं तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, ती आपल्यापैकी कुणाला आडवी येईल अशी भीती नाही. पण परदेशी संस्थेच्या देणगीवर आयकरात ८०जीची सवलत मिळत नाही, हे मार्चमध्ये कळून चिडण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं. सिंगापूरवाल्यांनी परदेशासाठी जाहीर वर्गणीचं आवाहन करण्याआधी तिथला परवाना लागतो हे लक्षात ठेवावं. ओळखीच्या माणसाला भेट पाठवणं ही वेगळी गोष्ट.

तो दुसरा मार्ग, थेट कुटुंबाला. तिथे परदेशातून आलेले पैसे गहाणवटीच्या दुकानांतून घ्यायची पद्धत जुनी आहे. दुकानदार ओळखपत्र बघतो आणि नाव अक्षरशः जुळवतो. आता ज्याचं घरच गेलं त्याचं ओळखपत्र कुठून असणार? हैयाननंतर आमच्या बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या फिलिपिनो मुकादमाच्या, बायकोला दोनदा हात हलवत परत यावं लागलं. म्हणून ओळखपत्राचा फोटो त्या माणसाने स्वतःच्या मेलवर आधीच पाठवून ठेवावा, आपल्या ग्रुपवर मात्र नाही. आणि पैसे घेणारा दुसरा माणूस बेटाबाहेरचा, सेबूचा किंवा मनिलाचा, ठरवून ठेवावा. पहिल्या आठवड्यात घाईही करू नका. हैयाननंतर त्या दिवसांत ताक्लोबानमध्ये खिशात पैसे असून विकत घ्यायला काही नव्हतं. दुकानं फुटलेली, वीज नाही, एटीएम बंद. तेव्हा मोबाइलचं "लोड", म्हणजे आपलं रिचार्ज, हजार पेसोंपेक्षा उपयोगी पडलं. बाजार उघडला की मग रोख. तैवानच्या त्झू ची या बौद्ध संस्थेने तिथे गावकऱ्यांनाच दिवसाला पाचशे पेसो देऊन चिखल आणि मोडतोड उपसायला लावलं. रस्ते मोकळे झाले आणि त्याच पैशांनी दुकानं सुरू झाली. मला त्या सगळ्या मदतीत हीच रीत सगळ्यात शहाणपणाची वाटली.

सामान पाठवू नका. हे वाक्य पिन करून ठेवा. हैयानच्या वेळी आम्ही पाठवलं होतं. तीन खोके भरून कपडे, त्यात कुणाच्या तरी आईने अगदी मायेने विणलेले चार स्वेटर. लेयतेत थंडी पडत नाही, हे आमच्या आठ दर्यावर्दींपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. खोके फेब्रुवारीत पोचले. उरलेल्या चुका होऊ नयेत म्हणून सांगतो: लहान मुलांच्या दुधाच्या पावडरीचे डबे तर अजिबात नकोत. तिथे १९८६ पासून मिल्क कोड, म्हणजे अशा पावडरीवरचा कायदा, आहे आणि आपत्तीत अशा दुधाच्या देणग्यांना बंदी आहे. कारणही सरळ आहे. पाणी घाण, बाटली उकळायला चूल नाही, मग हगवण. चार्जरही नकोत. तिथे चपट्या पिनांचे सॉकेट असतात, आपले गोल पिनांचे चार्जर त्यात बसत नाहीत. इतकंच नाही, सरकारी गोदामात पोचलेल्या शिध्याच्याही सात हजारांहून जास्त पिशव्या खराब झाल्याचं तिथल्याच लेखापरीक्षणात निघालं. तिथे ही गत, तर आपले डोंबिवलीहून निघालेले खोके कुठे लागतात?

ज्यांना पैसे देणं शक्य नाही आणि नुसतं बसवतही नाही, त्यांच्यासाठी नकाशाचं काम आहे. हैयानच्या वेळी ओपनस्ट्रीटमॅप या कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशावर जगभरातल्या सोळाशेहून जास्त स्वयंसेवकांनी उपग्रहाची चित्रं बघून घरं आणि रस्ते काढून दिले आणि मदतपथकांनी ते छापून वापरले. खातं आत्ताच उघडा, आपल्या तालुक्याच्या वाड्या काढून हात बसवा. वादळाच्या रात्री शिकायला बसलात तर दुसऱ्याचं काम वाढवाल. रस्ते, घरं, पूल बिनधास्त काढा, पण कुठलं घर पडलं हे वरून ठरवू नका. नंतर जमिनीवर तपासलं तेव्हा वरून केलेल्या नोंदी पुष्कळ चुकल्या होत्या. छप्पर जागेवर दिसतं, खाली भिंती नसतात.

वादळाचा फोटो पुढे ढकलण्याआधी तो जुना तर नाही ना, तारीख बघा. एवढं पुरे, यावर आधीच खूप भांडून झालंय.

शेवटचं, सहा महिन्यांनंतरच्या तारखेला आत्ताच एक आठवण लावा आणि तुम्ही द्यायचे ठरवलेल्या पैशांतला तिसरा हिस्सा तोवर हात न लावता स्वतःकडेच ठेवा. हैयानने तीन कोटींहून जास्त माड मोडले किंवा उपटले. नवा माड फळाला यायला सहा-आठ वर्षं लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगरच्या वाड्या पाहिलेल्यांना हा हिशेब समजवायची गरज नाही. पडलेले माड तसेच ठेवले तर त्यांत भुंगा वाढतो आणि उभे असलेलेही जातात, शिवाय त्याच खोडांच्या फळ्या काढून घरं उभी राहतात. तेव्हा मे २०१४ मध्ये बोसनला विचारलं, आता काय हवंय? मला वाटलं पत्रे म्हणेल. त्याने एक फोटो पाठवला, साखळीने चालणाऱ्या करवतीच्या यंत्राच्या पट्टीवर कोरलेल्या मापाचा. खाली लिहिलं होतं, दोन साखळ्या, माडाचं लाकूड धार खातं.