पिल्लू घरी आणलंय? पहिल्या दोन महिन्यांत या चुका टाळा

आमचा शेरू आता सहा वर्षांचा आहे आणि अजूनही कोणी छत्री उघडली की पलंगाखाली जातो. त्याच्यात काही खोट नाहीये, चूक आमची होती. दीड महिन्याचा असताना पार्किंगमधून त्याला वर आणला, लसी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका असं जो तो सांगत होता आणि आम्ही ते इतकं मनावर घेतलं की चार महिन्यांचा होईपर्यंत त्याने आमचा फ्लॅट सोडून जग बघितलंच नाही. मग पहिल्यांदा पट्टा लावून खाली नेला तर गेटपाशीच बसला, समोरून रिक्षा गेली आणि पोरगं थरथर कापायला लागलं. दोन वर्षांपूर्वी चिकू आली तेव्हा ठरवलं की हिच्या बाबतीत हे होऊ द्यायचं नाही, आणि खरंच दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्ही गावठी, दोन्ही याच गल्लीतली.

"लसी होईपर्यंत घरातच ठेवा"

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण बारा ते चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याचा मेंदू जगाची यादी करत असतो, हे ओळखीचं आहे, याला घाबरायचं काही कारण नाही. या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते यादीत जातं. नंतर नवीन काही दिसलं की आधी भीतीच वाटते. अमेरिकेत याच्यावर एक प्रयोग झाला होता, १९६१ साली तो छापून आला. काही पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात आईजवळ ठेवली, माणसाचा संबंध येऊ दिला नाही. जी चौदा आठवड्यांनंतरच माणसांत आली ती जवळजवळ रानटी जनावरासारखी वागायला लागली, माणूस जवळ आला की पळायची.

आता लसींचं गणित बघा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढचे डोस, ते सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. म्हणजे लसी पूर्ण होतात तोपर्यंत हा काळ संपलेला असतो! त्यामुळे दोन्ही एकदमच सांभाळावं लागतं.

लसींआधी बाहेर नेलं तर पार्वो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार) होईल ही भीती मात्र अजिबात खोटी नाही, त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेतो. म्हणून रस्त्यावर, बागेत, जिथे बाहेरची कुत्री येतात तिथे पिल्लू खाली ठेवायचंच नाही. पण डोळे, कान आणि नाक बाहेर न्यायला काय हरकत आहे? आम्ही चिकूला जुन्या ओढणीच्या झोळीत घालून रोज पंधरा-वीस मिनिटं फिरवायचो. बसस्टॉपच्या बाकावर मांडीवर घेऊन बसायचं, पीएमपीची बस येते-जाते, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला येतो, भाजीवाल्या मावशी ओरडतात, ती बघतेय आणि मी तिला उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे देतेय. बिल्डिंगची गच्ची, जिथे कुठलंच कुत्रं येत नाही, तिथे मोकळं खेळू दिलं. बहिणीकडे लसी झालेला शांत लॅब्रडॉर आहे, तिच्या घरी नेलं. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने तर २००८ सालीच सांगितलंय की पहिली लस आणि जंताचं औषध होऊन आठवडा झाला असेल तर सात-आठ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागेतल्या पपी क्लासला, म्हणजे पिल्लांच्या एकत्र शिकवणीला, न्यायला हरकत नाही. तुमच्या भागात पार्वोची साथ आहे का ते तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.

सगळ्यांनी उचलून घेतलं म्हणजे सोशलायझेशन झालं

नाही झालं. सोशलायझेशन म्हणजे माणसं, कुत्री, आवाज यांची न घाबरता ओळख होणं. सोसायटीत पिल्लू खाली आणलं की दहा मुलं गोळा होतात, हा उचल तो उचल, आणि आपल्याला वाटतं किती छान, सवय होतेय. मधलं पिल्लू बघा ना एकदा, शेपूट पोटाखाली, कान मागे, जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, झोप आलेली नसताना जांभया देतंय. ते शिकतंय एवढंच की लहान मुलं आली की सुटका नाही.

मुलांना खाली बसायला सांगा, एकावेळी दोघंच, आणि पिल्लू आपणहून जवळ गेलं तरच हात लावायचा, तोही छातीला किंवा मानेच्या बाजूला, वरून डोक्यावर नाही. चार-पाच सेकंद कुरवाळून हात काढायचा. पिल्लू आणखी जवळ सरकलं तर त्याला हवंय, बाजूला झालं तर बास. आणि एक सोपी खूण लक्षात ठेवा, आवडता खाऊसुद्धा घेत नसेल तर ते घाबरलंय, लांब जा. आणखी दहा पावलं, वीस पावलं, जिथून खाऊ घेईल तिथे थांबा.

हातांशी खेळणं

पिल्लू एवढंसं असतं तेव्हा बोटं चावली तर गंमत वाटते, घरातले काका-मामा तर मुद्दाम हात तोंडात देतात. चार महिन्यांनी तेच कुत्रं आजीच्या साडीला लोंबकळलं की मग ओरडा बसतो. त्याला काय कळणार, कालपर्यंत चालत होतं ना.

दुधाचे अठ्ठावीस दात असतात आणि ते सुईसारखे टोकदार. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो, त्यातूनच जबड्याचा जोर किती लावायचा ते कळतं. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे त्याआधी पिल्लू विकताही येत नाही, तरी महिन्याभराची पिल्लं सर्रास विकली जातात आणि ते बघून फार वाईट वाटतं. एकटं सापडलेलं पिल्लू असेल तर भावंडांचं काम आपल्याला करावं लागतं. जोरात दात लागला की हात सैल सोडायचा, खेळ बंद, अर्धा मिनिट उठून बाजूला जायचं, परत यायचं आणि हातात खेळणं घेऊनच यायचं. हे दिवसातून पन्नास वेळा करावं लागतं आणि घरातल्या सगळ्यांनी करावं लागतं, एकाने जरी हात चावू दिला तरी सगळी मेहनत वाया. नाकावर टपली मारू नका, तोंड दाबून धरू नका, त्याने हाताची भीती बसते नाहीतर उलट जास्त चावतं.

रस्सीखेच खेळली की कुत्रं रागीट होतं हे मी खूप जणांकडून ऐकलंय, तसं काही नसतं. जुन्या जीन्सची हातभर वेणी घाला, ओढू द्या, मध्येच थांबून नाकापुढे खाऊ धरा, त्याने सोडलं की "सोड" म्हणा, खाऊ द्या आणि लगेच परत ओढायला द्या. सोडलं तरी खेळ संपत नाही हे कळलं की पुढे चप्पलसुद्धा हातात आणून देतं. दात पडायला लागतात साधारण चौथ्या महिन्यात, तेव्हा नॅपकिन भिजवून गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि समोर बसून चावायला द्या.

अजून एक, रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांनंतर मिळते. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाचा दात लागून ओरखडा आला तर "अगं लहान आहे" म्हणून सोडून देऊ नका, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

संध्याकाळी वेड्यासारखं करतं म्हणून आणखी खेळवणं

पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. सातच्या सुमाराला घरभर धावतंय, पायांना चावतंय, काही ऐकत नाहीये, तर बहुतेक वेळा ते दमलेलं असतं, लहान बाळ झोपेला आलं की किरकिर करतं तसंच. लाइट कमी करा, त्याच्या कोपऱ्यात चघळायला काहीतरी द्या, माणसं गोळा करू नका. दहा मिनिटांत झोपतं.

आवाज आणि सणवार

आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांना पिल्लं बहुतेक थंडीच्या आसपास होतात, त्यामुळे गणपतीचा ढोल पहिल्यांदा कानावर पडतो तेव्हा पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं असतं, म्हणजे शिकायचा काळ कधीच गेलेला. म्हणून मोबाइलवर ढोल-ताशा, फटाके, ढगांचा गडगडाट अगदी बारीक आवाजात लावा, पिल्लू कान टवकारून परत जेवायला लागेल इतकाच आवाज, आणि तेव्हाच जेवण द्या. दोन-तीन दिवसांनी आवाजाची एकेक काडी वाढवा. कुकर आणि मिक्सर स्वयंपाकघरात चालू असताना हॉलमध्ये खेळ. आठव्या ते दहाव्या आठवड्यात बऱ्याच पिल्लांना एकदम भित्रेपणा येतो, तेव्हा एखादा दणका कायमचा मनात बसू शकतो, त्यामुळे त्या दिवसांत जपूनच. प्रत्यक्ष मिरवणुकीत पिल्लू नेऊ नका, प्लीज. सवय होत नाही, दहशत बसते.

मोठ्या कुत्र्यांमध्ये सोडून देणं, "शिकेल आपोआप"

एक शांत, लसी झालेलं मोठं कुत्रं पुरतं. खेळ नीट चाललाय का ते असं ओळखायचं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केलेला दिसतोय का, आळीपाळीने एकमेकांच्या मागे धावतायत का. शंका आली तर मोठ्याला धरून ठेवा, पिल्लू आपणहून परत त्याच्याकडे गेलं तर सगळं ठीक, तुमच्या पायात येऊन लपलं तर आजचा खेळ संपला. आणि पिल्लू गुरगुरलं तर दटावू नका, तो "मला नको" म्हणायचा त्याचा सगळ्यात स्पष्ट मार्ग आहे. तो बंद केला की पुढे न गुरगुरता थेट चावतं.

पंजे हातात घेणं, कानात बघणं, ओठ उचलून दात बघणं हे रोज एकेक मिनिट खाऊ देत करा. दवाखान्यातही एकदोनदा सुईशिवाय जा, टेबलावर ठेवा, खाऊ द्या, घरी या. आमच्या डॉक्टरांना चिकू शेपूट हलवत भेटते, शेरूला आजही दोघांनी धरावं लागतं.

ज्यांचं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं झालंय आणि हे सगळं राहून गेलंय त्यांनी रडत बसू नका, वेळ जास्त लागतो, पण होतं. शेरूसाठी आम्ही मिटलेली छत्री जमिनीवर ठेवून तिच्याभोवती चिकनचे तुकडे टाकायचो, दोन महिने फक्त तेवढंच. मग अर्धी उघडलेली, पण लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. त्याला कधी ओढून जवळ नेलं नाही. या पावसाळ्यात तो पलंगाखाली गेला खरा, पण आईची छत्री वाळायच्या आत आपला आपण बाहेर आला आणि तिच्या टोकाला नाक लावून गेला.